लग्न बालीत, वऱ्हाड पुण्याचं: विमानतिकिटांचा खर्च आवाक्यात ठेवायचा कसा?

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. मुलीचं लग्न पुढच्या वर्षी बालीत करायचं घाटतंय. दोन्हीकडची मिळून साधारण ४५ माणसं. बहुतेक पुण्यातली, सात-आठ साताऱ्याची, पाच जण अमेरिकेतून येणार. तारीख पक्की नाही, पण रिसॉर्टवाले ॲडव्हान्स मागताहेत. ग्रुप बुकिंग केलं तर तिकीट स्वस्त पडतं का, पुण्याहून निघावं की मुंबईहून, आणि एकूण आकडा आवाक्यात कसा ठेवायचा, हे त्यांना हवं आहे.

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तारीख अजून पक्की नाही. ती तशीच राहू द्या आणि रिसॉर्टला आठवडाभर थांबायला सांगा. मी पुण्यात तिकिटांचंच काम करतो. लग्नाचे ग्रुप नेणारी बहुतेक कुटुंबं माझ्याकडे येतात तेव्हा मुहूर्त ठरलेला असतो, हॉटेलला पैसे गेलेले असतात, कधीकधी पत्रिकाही छापून झालेली असते. त्यानंतर मी कितीही मार्ग धुंडाळले तरी माणशी दोन-चार हजारांच्या पलीकडे फारसं वाचत नाही. तेच लग्न एक आठवडा मागे-पुढे झालं असतं तर याच्या कितीतरी पट वाचले असते. लग्नातला विमानखर्च मुहूर्त निवडतानाच ठरून जातो, म्हणून क्रम उलटा करा. आधी गुरुजींकडून मुहूर्तांची यादी घ्या, मग त्या प्रत्येक तारखेचं भाडं बघा आणि मगच रिसॉर्टशी बोला.

गुरुजींकडून एक नाही, चार-पाच मुहूर्त मागून घ्या. त्यात मंगळवार, बुधवार, गुरुवारचे असतील तर त्यांना पहिली पसंती द्या. पुण्यातल्या कार्यालयात लग्न असलं की रविवार लागतो, कारण लोक सुट्टी न टाकता येतात. बालीला येणारा प्रत्येकजण रजा टाकूनच येणार आहे, त्याला बुधवार काय आणि रविवार काय. आठवड्याच्या मधे जाणं-येणं असलं की भाडं बहुधा उतरतं आणि रिसॉर्टही दर कमी करायला तयार होतं. मग गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडा. प्रत्येक मुहूर्तासाठी लग्नाच्या तीन दिवस आधी जाणं आणि दोन दिवसांनी परतणं, असं धरून एका माणसाचं भाडं लिहून घ्या आणि त्याला ४५ ने गुणा. माणशी सहा हजारांचा फरक छोटा वाटतो, पण ४५ माणसांचे ते दोन लाख सत्तर हजार होतात. कागदावर हा आकडा दिसला की घरातली तारखेची चर्चा लवकर संपते.

हंगामाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपले मुहूर्त आणि बालीचा हंगाम यांचा मेळ सरळ बसत नाही. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ, नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. आपले मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतात. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारीचा पहिला आठवडा तर बघूच नका. त्या दिवसांत सगळ्या जगाला बालीला जायचं असतं. मे महिन्यात आपल्याकडच्या शाळांना सुट्ट्या, त्यामुळे मुंबईहून निघणारं प्रत्येक विमान महाग. जुलै-ऑगस्टमध्ये बाली युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या पर्यटकांनी भरलेली असते.

मग उरतं काय? माझ्या मते दोन कालखंड. पहिला म्हणजे शाळा उघडल्यानंतरचे जूनमधले आठ-दहा दिवस. महाराष्ट्रात शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास सुरू होतात आणि ऑस्ट्रेलियातल्या शाळांच्या सुट्ट्या जूनच्या अखेरीस लागतात. मधल्या दिवसांत ज्येष्ठाचा मुहूर्त मिळाला तर हवा कोरडी आणि भाडं मे महिन्यापेक्षा उतरलेलं. शाळकरी मुलं असलेली घरं मात्र कुरकुरतील, आणि त्या दिवसांत मुंबईत पाऊस असतो हेही लक्षात घ्या. दुसरा कालखंड फेब्रुवारीचा. भाडी बरी असतात, रिसॉर्टही रिकामी असतात, पण पाऊस येऊ शकतो, तेव्हा छत असलेला मंडप हवाच. समुद्रकिनारी उघड्यावरच लग्न लावायचं असा मुलीचा हट्ट असेल तर फेब्रुवारी नको. शिवाय जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य या काळात चिनी नववर्ष येतं. त्या आठवड्यात सिंगापूर आणि क्वालालंपूरमार्गे जाणारी विमानं भरलेली असतात. तो आठवडा टाळून पुढचा मुहूर्त घ्या.

तुमच्याकडे काढीव मुहूर्त चालत असेल तर चातुर्मासातला सप्टेंबरही हाताशी येतो. गर्दी ओसरलेली असते आणि हवा उत्तम. फक्त गणपती आणि पितृपक्ष कधी आहेत ते पाहून घ्या. गणपतीत पुण्यातलं घर सोडून कोणी येणार नाही.

बालीची एक तारीख मात्र पंचांगाइतक्याच काटेकोरपणे बघायची. तिथले हिंदू शकसंवत्सराचा नवा दिवस न्येपी म्हणून मौन पाळून साजरा करतात. त्या दिवशी रस्त्यावर कोणी येत नाही, दिवे मंद ठेवतात आणि देनपसारचा, म्हणजे बालीचाच, विमानतळ पूर्ण २४ तास बंद असतो. विमान उतरत नाही की उडत नाही. न्येपी सहसा मार्चमध्ये येते. २०२६ मध्ये ती आपल्या गुढीपाडव्यालाच, १९ मार्चला येते. पण दरवर्षी असं जुळत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला झाली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. म्हणून पाडव्यावरून अंदाज बांधू नका, मार्चचा मुहूर्त असेल तर त्या वर्षीची न्येपी स्वतंत्रपणे तपासा. रमझान ईदच्या आगेमागेही इंडोनेशियाभर लोक गावी जातात आणि सुट्टीला बालीत येतात. त्या आठवड्यात विमानही महाग आणि रस्तेही भरलेले.

आता पुणे की मुंबई. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. नवं टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झालं, प्रवाशांची सोय खूप सुधारली, पण परदेशी सेवा अजून मोजक्याच आहेत आणि त्याही हंगामागणिक बदलतात. बालीसाठी पुण्याहून सोयीचा मार्ग म्हणजे बंगळूर. इंडिगोचं बंगळूर ते देनपसार थेट विमान २०२४ पासून आहे. पुणे-बंगळूर-देनपसार हे सगळं एकाच पीएनआरवर काढलं तर सामान लोहगावला दिलं की थेट बालीत मिळतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची. मुंबईहून पर्याय जास्त: सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, सगळ्या मार्गांनी जाता येतं. तुमच्या तारखांना मुंबईहून थेट सेवा आहे का तेही पाहा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. पुणेकरांना तो सहारपेक्षा जवळचा आहे, तेव्हा शोध घेताना तोही चौकटीत ठेवा.

तुलना करताना फक्त तिकीट बघू नका. मुंबईचं तिकीट माणशी तीन हजारांनी स्वस्त दिसतं, पण टॅक्सी, टोल, परतीची टॅक्सी, रात्री घाटातला प्रवास आणि सत्तरीच्या आजी-आजोबांची दमणूक हे त्यात नसतं. ४० जण एकाच वेळी निघणार असतील तर एक मोठी बस ठरवून मुंबई नक्कीच परवडते. पाच-सहा जणांचं कुटुंब वेगळं निघणार असेल तर बहुतेक वेळा पुणे-बंगळूर बरं. मी तर म्हणेन, ज्येष्ठांना पुण्याहूनच न्या आणि तरुण मंडळींना मुंबईहून. सगळ्यांनी एकाच विमानात बसलं पाहिजे हा आग्रह लग्नाच्या हौसेतून येतो, आणि तोच सगळ्यात महाग पडतो.

पोहोचण्याची वेळही पैशातच मोजा. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. विमान पहाटे उतरलं आणि रिसॉर्टची खोली दुपारी तीनला मिळणार असेल, तर ज्येष्ठांना लॉबीत बसवता येत नाही. आदल्या रात्रीची खोली घ्यावी लागते. दोन हजारांनी स्वस्त तिकीट घेऊन सहा हजारांची खोली वाढली, असं फार वेळा होतं.

मार्ग निवडताना मधल्या देशाचा व्हिसा हा सगळ्यात जास्त फसवणारा भाग. वेबसाइट कधीकधी दोन वेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडून एक स्वस्त प्रवास दाखवते. त्यात मधल्या विमानतळावर बाहेर पडून सामान घ्यावं लागतं आणि पुन्हा चेक-इन करावं लागतं. सिंगापूरला हे चालणार नाही, कारण भारतीय पासपोर्टवर बाहेर पडायला व्हिसा लागतो. एकाच तिकिटावर, सामान थेट पुढे जात असेल आणि तुम्ही आतल्या आत विमान बदलत असाल तर लागत नाही. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे, त्यामुळे क्वालालंपूरला बाहेर पडता येतं. फक्त त्यांचं डिजिटल आगमनपत्र आधी भरलेलं हवं आणि ही सवलत मुदतवाढीवर चालते म्हणून तिकीट काढायच्या दिवशी खात्री करायची. तिथे दोन टर्मिनल आहेत. एअर एशियाची विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. तुम्ही टर्मिनल १ ला उतरलात तर मधे ट्रेन पकडावी लागते. वेगवेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी एक पैसाही परत करणार नाही. तरुण मित्रमंडळींनी सहा-सात तासांचं अंतर ठेवून हा मार्ग घेतला तर हरकत नाही. नवरा-नवरी, आई-वडील, मामा, गुरुजी आणि ज्येष्ठ यांच्यापैकी कोणालाही या मार्गाने पाठवू नका.

खुद्द इंडोनेशियाचा व्हिसा सोपा आहे. विमानतळावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो, ५ लाख इंडोनेशियन रुपिया, ३० दिवसांचा. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया कर घेते. मिळून माणशी साधारण साडेतीन हजार रुपये. ४५ माणसांचे दीड लाखांच्या पुढे जातात, म्हणून ते पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. व्हिसा आधी ऑनलाइन काढला तर ज्येष्ठांची रांग वाचते.

ग्रुप बुकिंगने स्वस्त पडतं का? नेहमी नाही. बहुतेक कंपन्या एकाच विमानातले १० किंवा जास्त प्रवासी म्हणजे ग्रुप मानतात, आणि साध्या वेबसाइटवर एका वेळी ९ जणांचंच बुकिंग होतं. ग्रुप डेस्क जो दर देतो तो त्या क्षणी वेबसाइटवर दिसणाऱ्या सगळ्यात कमी दरापेक्षा बऱ्याचदा जास्तच असतो. मग ग्रुप कशासाठी घ्यायचा? डिपॉझिट भरून जागा आणि दर अडकवून ठेवता येतो, नावं नंतर देता येतात आणि पूर्ण पैसे ठरलेल्या मुदतीत भरता येतात. लग्नात कोण येणार हे शेवटपर्यंत हलत असतं, तेव्हा ही सोय पैसे मोजण्यासारखी आहे. कोटेशन आलं की तीन गोष्टी लेखी घ्या: नावं कधीपर्यंत द्यायची, किती जागा दंडाशिवाय सोडता येतात आणि परतीची तारीख किती जणांना वेगळी ठेवता येते. तिसरा मुद्दा लोक विसरतात. लग्नानंतर निम्म्या लोकांना आणखी दोन दिवस राहायचं असतं आणि ग्रुपच्या तिकिटात ते सहजासहजी जमत नाही.

तिकिटाचा दर आतून कसा चालतो हे कळलं की तुम्ही स्वतःच बरंच वाचवाल. एका विमानातल्या सगळ्या इकॉनॉमी जागा एका दराच्या नसतात. दरानुसार त्यांचे गट पाडलेले असतात, त्या गटांना आम्ही बकेट म्हणतो. समजा सगळ्यात खालच्या बकेटमध्ये २८ हजारांच्या चार जागा उरल्या आहेत आणि त्यावरच्या बकेटमध्ये ३३ हजारांच्या बऱ्याच आहेत. तुम्ही नऊ जणांसाठी शोधलंत तर यंत्रणा नऊच्या नऊ जागा ज्या बकेटमध्ये एकत्र मिळतात तोच दर सगळ्यांना दाखवते, म्हणजे ३३ हजार. स्वस्तातल्या चार जागा तिथेच असतात पण तुम्हाला दिसत नाहीत. म्हणून आधी एका माणसासाठी शोधा, मग दोन, मग चार, मग सहा. ज्या आकड्यावर दर उडी मारतो तिथे थांबा. तेवढे एका पीएनआरवर काढा, उरलेले दुसऱ्या पीएनआरवर. यात पतीपत्नी, आई-मूल, आजी आणि तिचा सोबती हे एकाच पीएनआरवर राहतील एवढं बघा. विमान रद्द झालं किंवा बदललं तर कंपनी पीएनआर बघून माणसं हलवते, नातं तिला दिसत नसतं.

म्हणून तुमच्या ४५ जणांसाठी मी अशी मांडणी करेन. लग्न ज्यांच्यावाचून लागणार नाही ती बारा-पंधरा माणसं आणि सगळे ज्येष्ठ यांना एका मोठ्या कंपनीच्या, एकाच पीएनआरवर सलग जोडलेल्या प्रवासाची, तारीख बदलता येणारी तिकिटं काढा. इथे पैसे वाचवायचे नाहीत. बाकीच्यांना मोकळं सोडा. पाहुणे स्वतःच्या तिकिटाचे पैसे स्वतः भरणार असतील, आणि बाहेरच्या लग्नात आता तसंच होतं, तर त्यांना दोन-तीन पर्यायी विमानं, पोहोचण्याची शेवटची मुदत आणि सामानाची माहिती एकाच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये स्पष्ट पाठवा. राहणं-जेवण आमचं, तिकीट तुमचं, हे पहिल्याच फोनवर सांगितलेलं बरं. यात संकोच करणाऱ्या घरांना शेवटच्या महिन्यात वीस तिकिटं चढ्या भावाने काढावी लागलेली मी पाहिली आहेत.

ही मुख्य मंडळी लग्नाच्या किमान दोन दिवस आधी पोहोचलीच पाहिजेत. बालीच्या आसपास जिवंत ज्वालामुखी आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये अगुंगच्या राखेने देनपसारचा विमानतळ बंद पडला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीच्या उद्रेकामुळे बालीची बरीच विमानं रद्द झाली. असं रोज होत नाही. पण नवरदेव आदल्या रात्रीच्या विमानाने येणार असेल तर वधूच्या आईला झोप लागणार नाही. नवरा आणि नवरी शक्यतो वेगवेगळ्या दिवशी निघू देत. प्रवासविमा सगळ्यांचा काढा आणि त्यात नैसर्गिक कारणाने विमान रद्द झाल्यास काय मिळतं ते वाचून घ्या.

तिकीट कधी काढायचं? कंपन्या साधारण ११ महिने आधी जागा उघडतात, पण इतक्या लवकर काढण्यात फायदा क्वचितच. आग्नेय आशियासाठी चार-पाच महिने आधीपासून दर बघायला लागा, गूगल फ्लाइट्सवर दराची सूचना लावा आणि दर तुमच्या कागदावरच्या आकड्याला आला की त्याच दिवशी काढा, आणखी उतरेल म्हणून थांबू नका. गर्दीच्या तारखा असतील तर याहून आधी. विमानांचं वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. तुमचा मुहूर्त त्या रविवारनंतरचा असेल तर आज दिसणारं विमान तेव्हा त्याच वेळेला असेलच असं धरू नका. ब्राउझर गुप्त मोडमध्ये उघडला की दर उतरतो, हा समज सोडून द्या. दर उतरतो तो बकेटमुळे आणि तारखेमुळे.

तुलना कुठेही करा, पण पैसे भरण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा दर पाहाच. काही ठिकाणी सुविधा शुल्क, सामान, जेवण आणि सीटचे पैसे शेवटच्या पानावर वाढतात आणि स्वस्त तिकीट महाग होऊन बसतं. एजंटकडून काढत असाल तर पीएनआर आला म्हणजे तिकीट झालं असं समजू नका. पीएनआर फक्त राखून ठेवलेलाही असू शकतो. मोठ्या पारंपरिक कंपन्यांच्या तिकिटाला १३ आकडी ई-तिकीट क्रमांक असतो, तो मागून घ्या आणि पीएनआर कंपनीच्या साइटवर स्वतः उघडून बघा. कोणी आयत्या वेळी आलं नाही तर मूळ भाडं बुडालं तरी सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावंच लागतं, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियंत्रकाचा, नियम आहे. एजंटकडे किंवा कंपनीकडे ते मागायचं असतं, आपोआप येईलच असं नाही.

एजंटने विमान आणि हॉटेल एकत्र विकलं तर तो परदेशी टूर पॅकेजचा व्यवहार होतो आणि त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. नुसत्या तिकिटावर तो नाही. कापलेली रक्कम आयकरात वळती होते, पण ४५ जणांचा व्यवहार एकाच माणसाच्या पॅनवर झाला तर त्याचे बरेच पैसे काही महिने अडकतात. दर अलीकडे अनेकदा बदलला आहे, तेव्हा व्यवहाराआधी तुमच्या सीएंना विचारा. तिकीट आणि रिसॉर्ट वेगवेगळं ठेवणं मला तरी जास्त मोकळं वाटतं.

आता नावं. आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, पत्रिकेप्रमाणे नाही. अनेक मराठी पासपोर्टांवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून आलेलं असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. ते तसंच भरायचं. जुन्या काही पासपोर्टांवर आडनावाचा रकानाच कोरा असतो. त्यांचं तिकीट काढताना कंपनीला विचारून मगच भरा. मुलीचं परतीचं तिकीट सासरच्या नावाने काढायची हौस अजिबात करू नका, पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर दोन्ही तिकिटं माहेरच्याच नावाने. एकदा तिकीट निघाल्यावर नाव बदलणं म्हणजे बऱ्याचदा नवं तिकीट. आजच सगळ्या ४५ जणांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांचे फोटो मागवून एका फोल्डरमध्ये ठेवा. प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. साताऱ्याच्या काका-काकूंचा पासपोर्ट संपत आला असेल तर नूतनीकरणाची अपॉइंटमेंट आत्ताच घ्या. मुंढव्याच्या केंद्रात तारीख मिळायला कधी किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं. तान्ह्या बाळालाही पासपोर्ट लागतो.

अमेरिकेतल्या पाच जणांसाठी वेगळा विचार करा. ते बहुधा आधी पुण्याला येण्याचं आणि मग तुमच्याबरोबर बालीला जाण्याचं ठरवतील, आणि दोन वेगळी परतीची तिकिटं काढतील. त्यांना मल्टी-सिटी शोधायला सांगा: अमेरिका ते देनपसार, लग्नानंतर देनपसार ते मुंबई, मग मुंबई ते अमेरिका, सगळं एका तिकिटात. पुष्कळदा हे बरंच स्वस्त पडतं आणि सामानाची मर्यादाही मोठी मिळते. ते थेट बालीत आले तर तुमच्या घरातली लग्नाआधीची धावपळही कमी होते. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) असणाऱ्यांनी ते बरोबर ठेवावं, बालीहून भारतात येताना लागतं.

सामानाचं लग्नात वेगळंच असतं. स्वस्त कंपन्यांच्या मूळ दरात कधीकधी फक्त ७ किलोची हातातली बॅग येते. शालू, पैठण्या, आहेर घेऊन जाणाऱ्यांनी सामान आधीच ऑनलाइन विकत घ्यावं, विमानतळावर तेच कितीतरी महाग. शालू, मुंडावळ्या, अंतरपाट, मंगळसूत्र आणि एक जोड कपडे हातातल्या बॅगेतच. मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तरी लग्न अडता कामा नये. कापूर ज्वालाग्राही म्हणून विमानात नेता येत नाही, आगपेटीही नाही. सुकं खोबरंही २०२२ पासून चेक-इन सामानात चालत नाही, त्यामुळे ओटीच्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच राहू द्या. नारळ, फुलं, उदबत्त्या बालीत मुबलक, तिथे रोजच पूजा असते. अक्षतांचे तांदूळही तिथेच घ्या. गुरुजींकडून यादी घेऊन तिथल्या वेडिंग प्लॅनरला महिनाभर आधी पाठवा. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, ती मोफत असते. शाकाहारी जेवणही तेव्हाच नोंदवायचं.

मुंबईहून निघणार असाल तर बस पुण्यातून विमानाच्या नऊ तास आधी सुटू दे, शुक्रवारी संध्याकाळी किंवा पावसाळ्यात दहा. सगळ्यांना एकाच ठिकाणाहून घ्या. घराघरासमोर थांबत गेलात तर शहर सोडायलाच दीड तास जाईल. साताऱ्याच्या मंडळींनी आदल्या रात्री पुण्यात मुक्कामाला यावं. आणि लग्नाचे दागिने नेताना एक काम विसरू नका. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याला ते दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, बरोबर दागिन्यांची बिलं किंवा सोनाराचं मूल्यांकन आणि फोटो ठेवा. परत येताना हे सोनं इथूनच नेलं होतं एवढं सिद्ध झालं की त्यावर शुल्काचा प्रश्न येत नाही. या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून दागिने ज्यांच्याकडे असतील त्यांनी बाकीच्यांच्या आधी टर्मिनलमध्ये शिरावं.